बदकं शोधायची, मोजायची आणि फॉर्म भरायचा

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. एशियन वॉटरबर्ड सेन्सस हे तिचं नाव. आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि भारतात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि पाणथळ जागांसाठी काम करणारी वेटलँड्स इंटरनॅशनल मिळून ती बघतात. २०२४ च्या गणनेत मुलुंड-भांडुप पट्ट्यातलं एक मिठागराचं तळं आमच्या तिघांकडे होतं. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, डोंबिवलीला राहते आणि २०२३ च्या दिवाळीपर्यंत मला बदक आणि पाणकावळा यांतला फरक धड सांगता आला नसता. कोणाला हेच करायचं असेल तर कुठे अडतं, कुठे थांबावं लागतं आणि किती पैसे जातात, ते क्रमाने लिहून ठेवते. तळ्याचं नाव मात्र देणार नाही. कारण पुढे येईलच.

तिघं म्हणजे मी, ऑफिसातली एक मैत्रीण आणि तात्या. तात्या माझे चुलत सासरे, भांडुप गावातले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या वडिलांकडे बारा बोरची बंदूक होती आणि साठच्या दशकात दोघं मिळून खाडीकाठी बदकांना जायचे. "लायसन काढून मारायचो, चोरून नाही," हे तात्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतातच. ते खरंही आहे. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीच्या परवान्याची सोय शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. आज कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, जाळ्यात पकडणं, फासे लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे रिकामं जाळं लावून बसलेला माणूसही शिकारीच.

तर आमच्याकडे बंदूक नव्हती, पण शिकाऱ्याची नजर होती. तिचा आम्हाला पक्ष्यांच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोग झाला.

सुरुवात झाली पक्षी सप्ताहात. २०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ ला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. २०२३ मध्ये १२ तारखेलाच लक्ष्मीपूजन आलं होतं. बोनसमधून दुर्बीण घेतली, ८ बाय ४२ ची, साडेनऊ हजारांना. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा किंवा बारापटीची गळ्यात मारायला बघतो. घेऊ नका. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि बांधावर उभं राहून मोजताना हात थरथरतोच.

सराव भांडुप उदंचन केंद्राच्या रस्त्यावर केला. पक्षी बघणारे त्याला बीपीएस म्हणतात, म्हणजे भांडुप पंपिंग स्टेशन. पूर्व द्रुतगती महामार्गावरून आत वळायचं, दोन्ही बाजूंना तळी, कांदळवन, पाणगवत, आणि शेवटी खाडी. ओळखपत्र जवळ ठेवा. नोव्हेंबरात मुंबईची हवा इतकी वाईट होती की सकाळी तळ्याचा पलीकडचा काठ धुरकट दिसत होता, आणि त्या धुरकटात जी बदकं दिसली ती सगळी एकाच मातकट रंगाची. माझा धीरच खचला. मग कळलं की यात माझ्या डोळ्यांचा दोष नाही. उत्तरेकडून येणारे नर उन्हाळ्यात आपला रंगीत पिसारा टाकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे पोचतात तेव्हा माद्यांसारखेच दिसतात. डिसेंबरपर्यंत बहुतेकांना रंग परत चढतो. म्हणून नवख्याने नोव्हेंबरात निराश होऊ नये. तोपर्यंत आकार शिकावेत: थापट्याची चोच पुढे पसरट, तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार, चक्रांग सगळ्यांत लहान. हळदीकुंकू बदक इथलंच, बारमाही. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. ते पहिल्याच दिवशी जमतं.

तात्या दुर्बीण डोळ्याला लावतच नव्हते. ते आधी वारा बघायचे. बदक वाऱ्याला तोंड करून उडतं आणि वाऱ्याला तोंड करूनच उतरतं, त्यामुळे कुठे उभं राहायचं हे वारा ठरवतो. दुसरा त्यांचा नियम सूर्याचा. खाडी मुंबईच्या पूर्वेला. आपण हायवेकडून गेलो की सकाळी सूर्य थेट तोंडावर येतो आणि पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. तळ्याला वळसा घालून पूर्वेच्या बांधावर जायचं आणि पश्चिमेकडे बघायचं. चालणं वाढतं, पण चोचीचा रंग दिसायला लागतो. "बदकं दिसत नाहीत म्हणून पुढं पुढं जाऊ नको सूनबाई. बस एका जागी. ती काय कुठं जात नाहीत." आणि सरळ त्यांच्या दिशेने चालायचं नाही, तिरकं, थांबत थांबत, जणू आपलं दुसरंच काहीतरी काम आहे. पांढरा शर्ट नको. आमच्या मैत्रिणीने एकदा छान पांढरा कुर्ता घातला होता, तात्यांनी स्वतःची खाकी चादर तिच्या अंगावर टाकली.

तिसरा नियम भरतीचा, आणि इथे आमच्या दिनदर्शिकेचा उपयोग झाला. कोळ्या-आगऱ्यांचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, पाणटिवळे, तुतारी असे चिखलात चरणारे सगळे पक्षी तिकडे किलोमीटरभर पांगतात; मोजणं अशक्य. भरतीला चिखल बुडाला की ते आत मिठागरांच्या तळ्यांत येऊन दाटीने उभे राहतात. बदकं दिवसा एरवीही तळ्यातच झोपा काढतात, पण खाडीत असलेलीही भरतीला आत सरकतात. तेव्हा मोजणीसाठी हवी सकाळी आठ-नऊची भरती. मी दिनदर्शिका उघडली: २१ जानेवारी, रविवार, पौष शुद्ध एकादशी. गणनेच्या मुदतीत बसत होता. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ तात्यांच्या हिशेबापेक्षा थोडी उशिराची होती. तात्यांचं म्हणणं, तक्ता चुकला असेल.

आता कागदपत्रं. ४ डिसेंबरला गणनेच्या समन्वयकांना ईमेल केला: आम्ही तिघं, अनुभव कमी, अमुक तळं मोजायची इच्छा. चार दिवसांत उत्तर आलं, फॉर्म आणि एक पत्र मिळालं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. खरा प्रश्न पुढे होता. जुनं मिठागर म्हणजे जमीन एकाची, भाडेपट्टा दुसऱ्याचा, काठावरचं कांदळवन वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, आणि आत जाणाऱ्या रस्त्याचं फाटक आणखी कोणाकडे. ११ डिसेंबरला अर्ज घेऊन गेले तर एका कार्यालयात सांगितलं की जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात सांगितलं की पहिल्याचं 'हरकत नाही' असं पत्र आणा. हद्दीत नसलेल्या जागेबद्दल हरकत नाही असं लिहून कोण देणार? मी दोन अर्ध्या दिवसांच्या रजा यात घालवल्या. शेवटी एका बाकावरच्या वयस्क कारकुनाने सुचवलं की परवानगी असा शब्द न लिहिता 'पक्षी गणनेसाठी प्रवेशाबाबत माहितीस्तव' असा विषय टाकून सगळीकडे एकच पत्र द्या, प्रत्येकाला इतरांची प्रत. तसं केलं आणि चक्र फिरलं.

तुम्ही कराल तेव्हा हे एवढं लक्षात ठेवा: अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नंतर फोनवर नाव सांगून काही होत नाही, आवक क्रमांक सांगितला की फाईल सापडते. सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, तळ्याचा साधा नकाशा आणि समन्वयकांचं पत्र सोबत जोडा. नाताळच्या सुट्ट्या धरून महिना लागला. १२ जानेवारीला, शुक्रवारी, पत्र हातात आलं. अटी: ड्रोन नाही, गाडी आत नाही, सूर्योदय ते अकरा एवढीच वेळ, तिघांशिवाय चौथा नाही.

१४ तारखेला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रंगीत तालीम म्हणून गेलो. पूर्वेच्या बांधाला वळण घेतलं आणि तात्या थांबले. पाण्याच्या कडेला दोन बांबू रोवलेले, मध्ये काहीच नाही असं मला वाटलं. त्यांनी काठी पुढे केली तेव्हा ती हवेत अडकली. बारीक नायलॉनचं जाळं, इतकं बारीक की दहा पावलांवरून दिसत नव्हतं. खालच्या बाजूला एक शेकाट्या मेलेला आणि एक जिवंत, लांब लाल पाय दोऱ्यांत पिळले गेलेले. मी पुढे झाले तर तात्यांनी हात धरला. कोणी लावलंय, जवळच आहे का, काही माहीत नाही. आणि हात लावला की पुरावाही हलतो.

१९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक. मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेवा. फोन लागला, जागा समजावून सांगायला वेळ गेला (मोबाइलवरचं लोकेशन पाठवा, रस्ता सांगत बसू नका). साधारण दीड तासाने वनरक्षक आणि त्यांचा एक सहकारी आले. त्यांनी फोटो काढले, जिवंत पक्षी कात्रीने सोडवला, जाळं गोळा केलं आणि पंचनामा लिहिला. पंच म्हणून माझी आणि मैत्रिणीची सही. सही करताना पोटात गोळा आला होता. कोर्टात बोलावतील का, घरी कोणी येईल का. वनरक्षकांनी शांतपणे सांगितलं की बोलावणं येऊ शकतं, आलं तर यायचं, आणि जागेचं नाव इकडे तिकडे लिहू नका. म्हणून लिहीत नाही. अजून तरी बोलावणं आलेलं नाही.

परतताना तात्या रागावलेले होते. मला वाटलं होतं की ज्याने स्वतः शिकार केली त्याला जाळ्याचं एवढं काही वाटणार नाही. ते म्हणाले, "बंदुकीला निदान बघावं लागतं काय मारतोय ते. याला काय, बदक काय नि बगळा काय." मग वडिलांनी मारलेल्या एका बदकाच्या पायात निघालेल्या कडीची गोष्ट सांगितली. कडीवर इंग्रजीत मुंबईच्या सोसायटीला कळवा असं होतं. वडिलांनी ती गावातल्या मास्तरांकडून पत्र लिहवून पाठवली. साठच्या दशकात बीएनएचएसने स्थलांतराच्या अभ्यासासाठी हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या होत्या, आणि भारतात कडी घातलेल्या बदकांच्या बऱ्याच कड्या तेव्हाच्या सोव्हिएत संघातून, तिकडच्या शिकाऱ्यांकडून परत आल्या. बदकं कुठून येतात हे कळण्यात शिकाऱ्यांचाही असा हात आहे.

२१ तारीख. पहाटे पाच वाजता डोंबिवलीच्या फलाटावर ही गर्दी, सगळ्यांच्या पायात भारी बूट आणि छातीवर नंबर. मुंबई मॅरेथॉनही त्याच दिवशी होती हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्या पायात जुने कॅनव्हासचे बूट, घट्ट नाड्या बांधलेले. गमबूट मी साडेचारशेला घेतले होते आणि तालमीच्या दिवशीच चिखलात एक बूट अडकून पाय मोकळा बाहेर आला. खाडीच्या चिखलाला गमबूट नको. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ड्रीम रन का?" मी म्हटलं, बदकं मोजायला. त्यांनी विषय बदलला.

सव्वासातला, सूर्य नुकताच वर येत असताना, आम्ही पूर्वेच्या बांधाआड बसलो. तात्यांना एकादशी, त्यांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. कामाची वाटणी अशी: मी दुर्बिणीतून बघून आकडा बोलायचा, मैत्रिणीने लिहायचा, तात्यांनी आभाळाकडे बघायचं. मोजणाऱ्याने लिहू नये. डोळा एकदा कागदावर गेला की थवा हातचा जातो.

पद्धत सोपी आहे, पण हाताला बसायला वेळ लागतो. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यांत भरायचं, आणि मग तेवढ्या जागेचे तुकडे थव्यावर ठेवत जायचं: दहा, वीस, तीस. सुपारीच्या ढिगातून मूठ मूठ काढावी तसं. डावीकडून सुरू करायचं, उजवीकडे संपवायचं, मागे फिरायचं नाही. एका फेरीत एकच जात.

थापट्या सर्वांत जास्त होते, दोनशेच्या आसपास. ते मोजणं वैतागाचं, कारण ते घोळक्याने गोल गोल फिरत पाणी ढवळतात आणि चोचीने गाळून खातात. भोवऱ्यात कोण मोजला, कोण राहिला कळत नाही. तलवार बदकं डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळात करून खातात, त्यामुळे शेपट्या मोजल्या. चक्रांग गवताच्या कडेला चिखलात बसलेले, दर वेळी दोन-तीन नवे दिसायचे. अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं, शिट्टी घालत आल्या आणि पलीकडे उतरल्या. हळदीकुंकू जोडीजोडीने. शेकाट्या आणि काळ्या शेपटीचे पाणटिवळे भरती चढेल तसे खाडीकडून येतच राहिले.

आठ वाजून गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, "वर." दलदल भोवत्या, शिकारी पक्षी, पंख वर धरून तळ्यावरून संथ येत होता. अख्खं तळं उठलं. चांदवे, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, मात्र उडाले नाहीत, एका गठ्ठ्यात चिकटून बसले. मी दुर्बीण खाली ठेवून दिली. तात्या म्हणाले, थांब, वारा उत्तरेचा आहे, ती दक्षिणेच्या टोकाकडून वळून परत इथेच उतरतील. वीस मिनिटांत उतरली. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक जातीच्या तीन फेऱ्या घेतल्या आणि मधला आकडा ठेवला. तीसेक बदकं शेवटपर्यंत पाठीत चोच खुपसून उन्हाकडे पाठ करून झोपलेली राहिली, त्यांची जात ठरली नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी 'अनोळखी बदके' अशी ओळ असते. ती वापरायला लाजू नका; अंदाजाने थापट्यात ढकललेल्या तीस बदकांनी पुढच्या माणसाची दिशाभूल होते.

साडेदहाला बाहेर. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर यादी त्याच संध्याकाळी भरली. गणनेच्या फॉर्मला दोन रात्री लागल्या, कारण पक्ष्यांच्या आकड्यांखेरीज तळ्याचे अक्षांश-रेखांश, पाण्याची स्थिती आणि धोके अशी पानं असतात. धोक्यांत आम्ही जाळं, पश्चिमेच्या काठावर टाकलेलं डेब्रिज आणि मोकाट कुत्री लिहिली. वनरक्षकांना विचारून पंचनाम्याचा उल्लेख केला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात समन्वयकांचा ईमेल आला. भुवई बदकांचा आमचा आकडा नव्वद होता, तो या तळ्यासाठी जास्त वाटतो, फोटो आहे का? नव्हता. मैत्रिणीची वही काढली. तीन फेऱ्यांचे आकडे होते, वेळा होत्या, आणि समासात तिने लिहिलं होतं: "नरांची पांढरी भुवई स्पष्ट, पुढच्या पंखांवर निळसर राखी". त्या पानाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी नोंद स्वीकारल्याचं कळलं. कच्ची वही फेकू नका, आणि शिसपेन्सिलने लिहा. दवाने बॉलपेनची अक्षरं फुटतात.

दुर्बीण सोडली तर सगळा खर्च हजार-बाराशेच्या आत राहिला: वाया गेलेले गमबूट, झेरॉक्स, लोकलचे रिटर्न, आणि भांडुप स्टेशनपासूनच्या रिक्षा. त्या पहाटे तेवढ्या आत यायला तयार होत नाहीत, आदल्या रात्री एखाद्याशी बोलून ठेवावं. पुढच्या जानेवारीसाठी कोणी तयारी करत असेल तर समन्वयकांना ईमेल नोव्हेंबरातच टाका, डिसेंबरात नको. महिना कागदांना लागतो. तात्यांनी तिथ्या आत्ताच काढून ठेवल्यात.